राजेळी वॉश

तेजस शेवटी वडिलांच्या केळीच्या वाडीतच कामाला लागला. पण असं काही झालेलंच नाही, असं गिरीज गावातल्या त्या घरात एकमताने ठरलेलं आहे. तेव्हा आपणही ते विसरू आणि तेजस अजून उद्योजक आहे असं धरून चालू.

तर उद्योजक तेजसने वसई पूर्वेला एक गाळा भाड्याने घेतला होता. आत दोन मोठी वॉशिंग मशीन, एक ड्रायर आणि भिंतीवर 'वॉशिंग व फिनिशिंग विभाग' अशी पाटी. कंपनीत विभाग तेवढा एकच होता, पण पाटी वाचली की आणखी चार असावेत असं वाटायचं. तिथे कोरे टी-शर्ट यायचे आणि अनुभवी होऊन जायचे. स्टोन वॉशमध्ये त्यांना दगडांबरोबर घुसळून विटवायचं, अ‍ॅसिड वॉशमध्ये रसायनाने चट्टे पाडायचे, एन्झाइम वॉशमध्ये अंगावरची लव काढायची आणि शेवटी सिलिकॉन पाजून मऊ करायचं.

"म्हणजे लोक नवा कपडा देतात आणि तू तो जुना करून देतोस," जगन्नाथभाऊंनी लेकाचा धंदा एकदा समजून घेतला होता.

"बाबा, त्याला व्हॅल्यू अ‍ॅडिशन म्हणतात."

"मग तुझी आई तीस वर्षं माझ्या गंज्यांवरून मला का बोलते?"

त्या दिवशी तेजसने नियम केला, की बाबांनी त्याच्या धंद्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. भाऊंनीही अट घातली. पहिली मोठी ऑर्डर परत आली, तर सोमवारपासून वाडी. सुमनताईंनी दोघांना चहा दिला, त्यामुळे करार कायदेशीर झाला.

पहिली मोठी ऑर्डर दिली नायगावच्या टॉवरात राहणाऱ्या अल्पेशने. त्याचा टी-शर्टचा स्वतःचा ब्रँड होता. चारशे पांढरेशुभ्र टी-शर्ट, एन्झाइम वॉश, सिलिकॉन फिनिश. शनिवारी सकाळी अकराला तो स्वतः माल बघणार होता. शुक्रवारी दुपारी बाराला ड्रायर बंद पडला. मेकॅनिक म्हणाला, पार्ट मंगळवारी येईल. कुठल्या मंगळवारी, हे त्याने सांगितलं नाही.

"अरे, मग वाडीत टाक की," सुमनताई फोनवर म्हणाल्या. "आपली सुकेळी वाळतात तिथे, तुझे चारशे बनियन नाही वाळणार?"

"आई, टी-शर्ट."

"तेच ते."

तेजसने ओला माल टेम्पोत घालून गिरीजला आणला आणि राजेळी केळीच्या या झाडापासून त्या झाडापर्यंत नायलॉनच्या दोऱ्या बांधल्या. चारशे टी-शर्ट टांगून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की पानांची सावली पडतेय. तेव्हा त्याने कोयता घेतला आणि बरोब्बर दोऱ्यांवरची पानं छाटली. ऊन छान आलं. पडवीत बसलेल्या जगन्नाथभाऊंनी तोंड उघडलं.

"बाबा, नियम," तेजस म्हणाला.

भाऊंनी तोंड मिटलं आणि खुर्ची जरा पुढे ओढून घेतली. समोरून नीट दिसत होतं.

केळीचा चीक फार सभ्य असतो. कापलेल्या देठातून पडताना तो पाण्यासारखा पडतो, काही कळू देत नाही. रंग तो सवडीने दाखवतो. वाडीतलं शेंबडं पोरही पान कापायला जाताना घरातला सगळ्यात फाटका कपडा घालतं. तेजसही वाडीतलाच, पण गेली सहा वर्षं तो कानात इयरफोन घालून वाडीतून फक्त गेटपर्यंत जायचा.

शनिवारी सकाळी पहिल्या टी-शर्टवर इस्त्री फिरली आणि छातीवर तपकिरी ओघळ उगवला. दुसऱ्याच्या पाठीवर तीन. तिसऱ्यावर तर नकाशाच.

"आई गं!"

"आता बोलू का?" भाऊंनी दारातून विचारलं.

"बोला!"

"चीक आहे तो. जात नाही."

"मग काल का नाही बोललात?"

"नियम."

तेजसने ब्लीच लावलं. त्याने भोवतालचं कापड आणखी पांढरं झालं आणि डाग उठून दिसायला लागला. लिंबू-मीठ चोळलं, त्याने डाग ताजातवाना झाला. शेवटी त्याने स्टोन वॉशचा दगड घेऊन एक डाग घासला. टी-शर्टला भोक पडलं, डाग भोकाच्या कडेने शाबूत राहिला.

अकराला अल्पेश थेट गिरीजला आला. त्याने एक टी-शर्ट उचलला, उलटा केला, सुलटा केला.

"तेजसभाई, ये क्या है?"

"हा... राजेळी वॉश आहे," तेजस म्हणाला.

"कसला वॉश?" भाऊ आता मोकळे झाले होते. "डाग आहेत ते, शेठ."

"अंकल, धुऊन जातात?"

"तीस वर्षांत एक नाही गेला."

"एकपण नाही?"

"हिला विचारा."

सुमनताई या प्रश्नाची तीस वर्षं वाट बघत होत्या. त्या आत गेल्या आणि लादी पुसायला काढलेली भाऊंची गंजी घेऊन आल्या. "हे बघा. सोडा, लिंबू, ब्लीच, शिव्या, सगळं घालून धुतलंय. आहे का हललेला?"

अल्पेशने गंजी उजेडात धरली. त्याच्या ब्रँडची छपाई चौथ्या धुण्याला सोलपटायची आणि पाचव्या धुण्याला गिऱ्हाइकाचा फोन यायचा. त्याचे डोळे पाणावले.

"आणि हर पीस वेगळा?"

"केळीला सारखं ठिबक म्हटलं तर ऐकत नाही ती," भाऊ म्हणाले.

अल्पेशने चारशेच्या चारशे टी-शर्ट उचलले आणि आणखी दोन हजार मागितले. त्याच्या अटी तीनच होत्या. डाग मंजूर नमुन्यासारखा हवा. नमुना म्हणून ती गंजी प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद झाली, वर दोघांच्या सह्या. पानं त्याच कलाकाराने, स्वतःच्या हाताने कापायची. आणि चिकाची पारख फक्त अंकलनाच असल्यामुळे तपासणी प्रमुख अंकल.

ऑर्डर परत आली नाही. तेजस पैज जिंकला. सोमवारपासून तो रोज सकाळी सहाला कोयता घेऊन वाडीत हजर असतो. गाळ्याला कुलूप आहे, कारण या वॉशमध्ये धुणं हा प्रकारच नाही. जगन्नाथभाऊ पडवीतल्या खुर्चीवरून माल तपासतात. "हा डाग घाईत पडलाय. परत टांग." तेजसच्या स्वतःच्या कपड्यांवरून सुमनताई त्याला रोज बोलतात; ते डाग मंजूर नमुन्यात बसत नाहीत.

गेल्या आठवड्यात विहिरीजवळच्या पंपघराच्या दारावर एक अर्ज चिकटवलेला दिसला:

'प्रति, मा. तपासणी प्रमुख (वडील), राजेळी विभाग, गिरीज. विषय: वॉशिंग व फिनिशिंग विभागाच्या मालकास महिन्यातून एकदा वॉशिंग मशीन पाहू देण्याबाबत. महोदय, उपरोक्त पैज अर्जदाराने रीतसर जिंकलेली आहे. तरी जिंकण्यात आणि हरण्यात नेमका काय फरक होता, ते लेखी कळवावे, आणि ते कळेपर्यंत अर्जदारास दर सोमवारी सुट्टी मंजूर करावी, ही नम्र विनंती.'