साळवे टीचर आणि 'तो'

आमच्या शेजारच्या साळवे टीचर घराबाहेर पडताना दारात उभं राहून कपडे घालतात. दचकू नका. साडी, चप्पल, पर्स हे सगळं आधीच जागच्या जागी असतं. हे कपडे त्यावरचे, न दिसणारे. आधी कमरेला काहीतरी करकचून आवळायचं, मग छातीवर दोन थापा, मग पायांत काहीतरी चढवायचं, डावा हात ढालीसारखा पुढे धरायचा आणि शेवटी डोक्यावर दोन्ही हातांनी काहीतरी घट्ट बसवायचं. बोरिवलीत नवे राहायला आलो तेव्हा मला वाटलं, बाईंना घामोळं आलं असावं.

"शस्त्रसामग्री आहे ती," त्यांनीच एकदा सांगितलं. "बायबलात लिहिलीय. 'त्या'च्याशी लढायचं तर असं उघडंबोडकं नाही जायचं."

एकदा आम्ही एकाच रिक्षाने स्टेशनकडे निघालो होतो. नाक्यावर आल्यावर टीचरनी रिक्षा मागे फिरवायला लावली. मला वाटलं, गॅस चालू राहिला असेल.

"हेल्मेट राहिलं," त्या म्हणाल्या.

"अहो, ते इथे बसूनही घालता येईल ना?"

"वर्गात येऊन कुणी युनिफॉर्म घालतं का रे, पेंडसे?"

गेलो परत. रिक्षावाल्याने मीटरकडे पाहिलं आणि रिक्षा वळवली.

मार्था साळवे म्हणजे अंधेरीच्या एका शाळेतल्या पीटीच्या टीचर. मूळचं नगरकडचं मराठी ख्रिस्ती घर. लग्न केलं नाही. रिटायर झाल्या, पण गळ्यातली शिट्टी काही सुटली नाही. सैतानाशी चाललेलं युद्धही त्या पीटीच्या तासासारखं चालवतात. त्याचं नाव मात्र घेत नाहीत. "नाव पुकारलं की 'हजर' म्हणतो मेला," असं त्यांचं म्हणणं. म्हणून नुसतं 'तो'.

पण बाई रेफरी म्हणून चोख. उगाच कुठलाही गुन्हा 'त्या'च्या नावावर खपवायच्या नाहीत. लिफ्ट बंद पडली की आमच्या मजल्यावरचे लोक त्यांना मुद्दाम विचारतात, "टीचर, हे 'त्या'चंच काम ना?"

"लिफ्टला मेंटेनन्स लागतो," टीचर म्हणतात आणि जिना चढायला लागतात.

एकदा आमच्याकडे दूध नासलं. मी नीतावर, म्हणजे माझ्या बायकोवर, नेमका ओरडलो आणि नेमक्या टीचर दारात. "दूध नासलं ते फ्रिज जुना झाला म्हणून," त्या म्हणाल्या. "पण तू जो ओरडलास ना, तिथे शिरला बघ 'तो'. फाउल." नीताला हा निकाल इतका आवडला की तिने टीचरना लोणच्याची बरणी दिली.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर कहरच झाला. सेक्रेटरी मेहता आणि खजिनदार तावडे पार्किंगवरून एकमेकांच्या कॉलरपर्यंत पोचले होते. टीचरनी शिट्टी फुंकली. "मेहता वाईट नाही. तावडेही वाईट नाही. आपलं भांडण माणसाशी नाही, लक्षात ठेवा. हे सगळं 'तो' करतोय. आणि 'तो' इथेच बसलाय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. टीचरचं बोट जिकडे होतं त्या खुर्चीवर दुर्दैवाने तिसऱ्या मजल्यावरचे नाडकर्णी बसले होते. ते फक्त वेफर्ससाठी येतात. "मी? मी तर अजून तोंडपण उघडलं नाही," ते म्हणाले. तावडे हसले, मग मेहता हसले आणि पार्किंग पुढच्या मीटिंगवर गेलं. नाडकर्णी मात्र तेव्हापासून उभे राहतात.

टीचरच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. संध्याकाळी दिवे लागले की पलीकडून मैदानावरचा आवाज यायचा. "चालता हो. या घरात तुझं काही काम नाही. लाज नाही वाटत?"

टीचरबरोबर त्यांचा धाकटा भाऊ दाविद राहतो. दाविद पितो. कुणाला त्रास देत नाही, भिंत धरून जिना चढतो, एवढंच. पण त्याची नोकरी त्यातच गेली, हे बिल्डिंगला माहीत होतं. त्यामुळे रोजचा तो आवाज ऐकून आम्हाला दाविदचीच दया यायची. शेवटी नीताला राहवलं नाही. एका संध्याकाळी मला घेऊन ती टीचरच्या दारात उभी राहिली.

"टीचर, जाऊ द्या हो. पीत असला तरी भाऊ आहे तुमचा. असं हाकलू नका."

"दाविदला?" टीचर बघतच राहिल्या. "दाविदला कोण बोललं?"

"आम्ही ऐकतो ना रोज."

"ते 'त्या'ला. दाविद घरात आहे कुठे?"

खरंच घरात कुणी नव्हतं. बाई रिकाम्या खोलीला दम भरत होत्या. "दाविद यायच्या आत मैदान साफ करून ठेवते," त्या म्हणाल्या. नीता हसली, मीही हसलो आणि चहा झाला.

हसण्याच्या भरात मी म्हणालो, "पण टीचर, एकदा दाविदलाच खडसावा की. तुमच्या आवाजाला अख्खी शाळा टरकून असायची."

"खडसावलं होतं एकदा," त्या म्हणाल्या. "निघून गेला. किती शोधला. गोराईच्या जेट्टीवर सापडला तेव्हा अंगाची नुसती हाडं झाली होती."

मग नीताने हळूच विचारलं, "राग नाही येत त्याचा?"

"येतो की. रोज येतो. रागाला कुठेतरी जागा पाहिजे ना, गं. दाविदला ओरडले तर दाविद जाईल. मग मला आहे कोण? त्या दुसऱ्याला कितीही ओरडा, तो कुठे जातोय?"

तेवढ्यात दार उघडलं. दाविद आला, स्टुलावर बसला आणि बुटांच्या नाड्यांशी झटापट करायला लागला. नाड्या काही हाती लागेनात. टीचर उठल्या, दुखऱ्या गुडघ्यांवर त्याच्यासमोर बसल्या आणि गाठ सोडायला लागल्या.

"ताई," दाविद खाली मान घालून म्हणाला, "एकदा तरी ओरड ना मला."

"ओरडून झालं," टीचर म्हणाल्या. "तू नव्हतास."