दोन इंच लूज

"महिनाअखेरीला लेक कायमची इकडं येतेय. गॅरेजमध्ये तिची गाडी लागेल. तुमच्या म्हातारीची सोय कुठं करायची ते तुम्ही बघा, नाहीतर मी सरळ भंगारवाल्याला फोन करते," बायकोनं मास्तरांना एकदाचं बजावलं.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर, आणि म्हातारी म्हणजे त्यांची एकतीस वर्षांची राखाडी गाडी. लेक जन्मली तेव्हा दवाखान्यातून याच गाडीतून घरी आली होती. सीटची कव्हरं मास्तरांनी तीनदा स्वतः शिवली होती, तीही दुहेरी टीप घालून. घरासमोरची गल्ली इतकी अरुंद की गाडी बाहेर लावली तर शेजाऱ्यांना भिंतीला पाठ लावून जावं लागेल. गॅरेज एक, गाड्या दोन. बाई काही चुकीचं बोलत नव्हत्या आणि मास्तरांना नेमकं तेच खुपत होतं.

अशात कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की हल्ली घरच्या गॅरेजमध्ये लिफ्ट बसवतात. एक गाडी वर, दुसरी तिच्या खाली. मास्तरांना ती थाप वाटली. तरी खात्री करून घ्यायला ते लिफ्टवाल्याच्या दुकानात गेले आणि दारातच थबकले.

समोर एक भलीमोठी जीप अधांतरी उभी होती. खाली टेबल मांडून लिफ्टवाला निवांत डबा खात होता.

"अहो, ही वरून आली म्हणजे?" मास्तरांनी दबक्या आवाजात विचारलं.

"येत नाही. दर चार बोटांवर खटका आहे. दोर तुटला तरी खटका धरतो. या ना, बसा."

मास्तर बसले नाहीत. टोपी काढून हातात घेतली, दोन पावलं पुढं झाले आणि मान वर करून बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी वजन म्हणून उचललं ते कापडाचं. इथं दोन टन लोखंड डोक्यावर होतं आणि साधं करकरतही नव्हतं. माणसाच्या बुद्धीची त्यांना अशी कमाल वाटली की काही क्षण ते कशासाठी आले होते तेच विसरले.

मग निवड सुरू झाली. दोन खांबांच्या लिफ्टवर गाडीची चाकं लोंबकळत होती. ती मास्तरांना बघवेना.

"हे दुरुस्तीवाल्यांसाठी," लिफ्टवाला म्हणाला. "तुम्हाला गाडी ठेवायचीय ना? मग चार खांबांची घ्या. वर प्लॅटफॉर्म असतो, गाडी आपल्या चाकांवर उभी राहते."

मास्तरांनी खांबाचा पत्रा अंगठा आणि बोट यांच्यात धरून बघितला. कापडाचा पोत बघायची सवय. पत्र्याचा काय कळणार? तरी त्यांनी मान डोलावली. "ही द्या."

"छताची उंची? मी येऊन माप घेऊ का?"

हे मात्र मास्तरांना लागलं. "मापाचं मला सांगता? चाळीस वर्षं दुसरं काय केलं मी?"

माप त्याच संध्याकाळी घेतलं, घरच्या रिवाजाप्रमाणे. मास्तर टेप धरून मोठ्यानं आकडा सांगणार आणि बाई वहीत लिहिणार. गिऱ्हाइकाची छाती असो नाहीतर गॅरेजचं छत, पद्धत तीच. टेप पडली साठ इंची, तेव्हा मास्तर स्टुलावर चढून भिंतीवर खडूच्या खुणा करत गेले. जुन्या गाडीची उंची तिच्या कप्प्यातल्या पुस्तिकेतच छापलेली होती, सत्तावन्न इंच. लेकीच्या गाडीची उंची बाईंनी फोनवर विचारली आणि तीही वहीत लिहिली. लिफ्टवाल्यानं वही बघून बेरीज मांडली. खाली चौसष्ट, प्लॅटफॉर्म सहा, वर सत्तावन्न, एकशे सत्तावीस. छत एकशे तीस.

"तीन इंच उरतात," तो म्हणाला. "काठावर आहे, पण बसतंय."

लिफ्ट बसली ती नेमकी लेक यायच्या दिवशी सकाळी. लिफ्टवाल्यानं बटण दाबलं आणि म्हातारी हळूच जमीन सोडून वर निघाली. ती कंबरेपर्यंत आली, मग खांद्यापर्यंत, मग डोक्याच्या वर गेली. एकतीस वर्षांत त्यांनी तिचं पोट पाहिलं नव्हतं. गावोगावचा चिखल त्यावर थरावर थर वाळला होता.

"अगं, बघ तरी! आपण केवढं फिरलो!"

बाई हात पुसत दारात आल्या. काहीतरी टोचून बोलायच्या बेतानंच आल्या होत्या. पण वर बघून त्यांचंही तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

तेवढ्यात लिफ्टवाला ओरडला, "थांबलं! आणखी वर नाही जायचं."

गाडीचं टप छताच्या एक इंच खाली येऊन ठेपलं होतं. प्लॅटफॉर्मखाली जागा मोजली तर बासष्ट इंच. लेकीच्या गाडीला हवी होती चौसष्ट. मास्तर घाईघाईनं स्टुलावर चढले आणि पुन्हा खडूच्या खुणा करत खाली आले. छत भरलं एकशे सव्वीस.

"वहीत तर एकशे तीस आहे," लिफ्टवाला म्हणाला.

"अगं, मी किती सांगितलं होतं?"

"एकशे अठ्ठावीस."

"मग तीस कुठून आले?"

"दोन इंच लूज धरलं. नेहमीच धरते."

"नेहमी?"

"लग्नानंतर पहिल्यांदा वही हातात दिलीत तेव्हा तुम्हीच म्हणालात ना? अंगाबरोबर लिहू नकोस, दोन इंच लूज धरत जा. तेव्हापासून धरते."

"अगं, पण दोन इंच मी सांगतानाच धरतो!"

"छताला कशाला धरलंत? छत काय श्वास घेतं?"

"तू कशाला धरलंस?"

"माप म्हटलं की हात आपोआप लिहितो."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. पण त्यांना छताचं काही आठवत नव्हतं. आठवत होती ती चाळीस वर्षांची गिऱ्हाइकं. 'मास्तर, तुमच्या शर्टात जीव मोकळा होतो,' म्हणत ती लांबून लांबून यायची. या मोकळेपणाचं मर्म आपल्या कात्रीत आहे, असं मास्तर समजत आले होते. दोनदा त्यांनी ते पैजेवर सांगितलंही होतं. ते मर्म निघालं बाईंच्या पेन्सिलीत. मास्तरांनी बायकोकडं बघितलं, अगदी त्या जीपकडं बघितलं होतं तसं.

"म्हणजे सगळं गाव चार इंच ढगळ कपडे घालून फिरलं," ते पुटपुटले.

"फिरलं तर फिरलं. तक्रार केली का कुणी?" बाई म्हणाल्या, पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

म्हातारी वर अडकून होती आणि खाली दोन इंच कमी पडत होते. बाईंनी फोन उचलला, भंगारवाल्याचा नंबर काढला आणि फोन तसाच मास्तरांच्या हातात ठेवला. "माझ्यानं नाही होणार. तुम्हीच करा."

मास्तरांचा अंगठा नंबरावर टेकतोय तोच गल्लीत हॉर्न वाजला. लेक आली होती. गाडीतून उतरली आणि वर नजर जाताच लहानपणीसारखी टाळ्या पिटत ओरडली, "बाबा! आपली गाडी आभाळात!"

मास्तरांनी खालमानेनं सगळं सांगितलं. "बासष्टच उरलेत गं. तुझी गाडी चौसष्ट."

"चौसष्ट? मी तर आईला बासष्ट सांगितली होती."

दोघांनी बाईंकडं पाहिलं. बाई पदराशी चाळा करू लागल्या. "दोन इंच…"

"तरी बासष्ट आणि बासष्ट," मास्तर सुस्कारले. "टप घासणार."

"नाही घासणार," लेक जराशी ओशाळून म्हणाली. "गाडी साठच आहे. सांगताना मीही दोन इंच लूज धरलं. या घरात वाढलेय, बाबा. नेमकं माप सांगायला जीभच वळत नाही."

तिनं गाडी आत घेतली. मास्तर टेप घेऊन धावले. प्लॅटफॉर्मखाली दोन इंच, छताखाली एक. एकूण तीन, लिफ्टवाल्यानं सांगितले होते तेवढेच. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. लिफ्टवाला मात्र कधी छताकडं, कधी वहीकडं, कधी या तिघांकडं बघत होता. पोटाशी ताणलेल्या शर्टाचं बटण चाचपत तो शेवटी म्हणाला, "मास्तर, मला एक शर्ट शिवून द्याल? असाच, मोकळा."

मास्तरांनी टेप त्याच्या छातीभोवती फिरवली. बाईंनी वही उघडली.

"छाती बेचाळीस."

पेन्सिल अडली. "खरी, की तुमची?"

मास्तरांनी क्षणभर विचार केला. "माझी. आता तू तुझं लिही."

बाईंनी लिहिलं. काय लिहिलं ते मास्तरांनी वाकून पाहिलं नाही.