कणाच्या मूळ ठिकाणाचा दाखला

आमच्या तहसील कचेरीत अवकाशातून आलेल्या कणांना मूळ ठिकाणाचा दाखला मिळतो. म्हणजे मिळायला हवा, पण एकतीस वर्षांत एकालाही मिळाला नव्हता.

किरकोळ कण सूर्याकडून येतात, त्यांची चौकशी कोणी करत नाही. प्रश्न असतो तो अतिजोरकसांचा. डोळ्याला न दिसणारा एकच कण, पण फटकावलेल्या चेंडूचा जोर घेऊन येतो. महिन्याभरात दाखला मिळाला नाही तर त्याची नोंद बेवारस होते, आणि बेवारसाला पुढे कुठेच थारा नसतो. शिक्का माझ्याकडे. 'मूळ अज्ञात' हा शिक्का झिजून झिजून तीनदा बदलावा लागला होता.

त्या शुक्रवारी दाखल्यांच्या टेबलावरच्या छबूताई हुलावळे निवृत्त होणार होत्या. समोरच्या अर्जदाराची मुदतही त्याच दिवशी संपत होती. येताना त्याने गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत निळा उजेड पाडला होता, त्याचा पंचनामा अर्जाला जोडलेला होता.

"ताई, घर आठवतं, शेजारी आठवतात," कण म्हणाला. "पत्ता तेवढा सांगता येत नाही. वाट फार वळली हो."

"एकाच ठिकाणचे दोन पंच आणलेत?"

आणले होते. एक त्याच्याहून कमी जोराचा, दुसरा त्याहूनही कमी. बाहेरच्या बाकावरच तिघांनी एकमेकांना ओळखलं होतं.

तहसीलदार घोलपसाहेबांनी कागद चाळले. "अर्जदार पूर्वेकडून आला, एक पंच आग्नेयेकडून, दुसरा दक्षिणेकडून. दिशा जुळत नाहीत. नामंजूर."

एका ठिकाणचे लोक एकाच दिशेने येतात, हा आमच्या कचेरीचा जुना नियम. त्यावर मी जन्मभर शिक्के मारले. आज त्याची लाज वाटते.

छबूताईंनी चष्मा पुसला. "साहेब, माझ्या माहेरची माणसं बाजाराला तीन वाटांनी येतात. जीपवाला सरळ घाट चढून येतो. सायकलवाला चढ टाळतो, वळसा घेतो. डोक्यावर पाटी घेतलेली म्हातारी तर पार नदीकडून येते. म्हणून काय तिघांचं गाव वेगळं झालं?"

"अवकाशात घाट कुठला?"

"चुंबकाची ओढ आहे ना. ज्याचा जोर कमी, त्याला ती जास्त वळवते."

त्यांनी आकाशाचा नकाशा टेबलावर पसरला आणि तिघांच्या दिशांवर पेन्सिलीने खुणा केल्या. खुणा एका ओळीत आल्या, आणि जोराच्या क्रमाने आल्या. ताईंनी त्यावर पट्टी ठेवली व सगळ्यात जोरकसाच्या पुढे सरकवली. पट्टी एका लांबच्या दीर्घिकेवर जाऊन टेकली.

"हेच!" कण ओरडला. "मधोमध काळं विवर आहे बघा. आमचं घर त्याच्या काठाला!"

दोन्ही पंच एका सुरात हो म्हणाले. साहेबांनी पट्टी स्वतः एकदा ठेवून बघितली आणि सही केली. मूळ ठिकाण मला हाताने लिहावं लागलं, कारण तसा शिक्काच नव्हता. छबूताई पदरात तोंड लपवून रडल्या. मी खुर्चीवर उभा राहून टाळ्या वाजवल्या, माझ्या हुद्द्याला ते शोभत नसूनही. पेढे साहेबांनी आणले. कणाला हात नव्हते.

सोमवारी कचेरी उघडायला गेलो तर रांग फाटकाबाहेर गेलेली. ढकलाढकली अजिबात नाही. सगळे कण जोराप्रमाणे उभे होते, प्रत्येकाच्या मागे त्याचे दोन पंच. आणि सगळ्यांच्या पुढे, हातात पट्टी घेऊन, निवृत्त छबूताई.

"उशीर केलात," त्या म्हणाल्या.

मी कुलूप काढलं.