सेक्रेटरी घरट्यात

मुलुंडच्या त्या सोसायटीच्या बागेत बांबूचं घरटं उभं राहत होतं आणि सेक्रेटरी श्यामसुंदररावांना ते मुळीच पसंत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरचा निहार आर्किटेक्ट. सुगरण पक्ष्याचं घरटं पाहून त्याने ज्येष्ठांना बसायला हा मंडप काढला होता. खिळा नाही, स्क्रू नाही. एक बांबू दुसऱ्यावर टेकलेला, दुसरा तिसऱ्यावर. कमिटीने बहुमताने मंजुरी दिली, तेव्हा श्यामसुंदररावांनी निदान अटी तरी घातल्या. त्यातली मुख्य अट अशी, की फटीतून लहान मुलाचं डोकं जाता कामा नये.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी ते ही अट तपासायला आत शिरले. निहार आतूनच शेवटची वीण घालत होता. श्यामसुंदररावांनी टेप लावून एकेक फट मोजली आणि मोजता मोजता आगीचे नियम, पार्किंगचे नियम, निहारच्या वडिलांनी न भरलेला गच्चीचा अर्ज असं सगळं ऐकवलं. निहार खाली मान घालून "हं, हं" करत भराभर विणत राहिला. एकदाचा शेवटचा बांबू बसला. त्याने आधाराच्या दोऱ्या कापल्या आणि घाम पुसत वळला.

"काका," तो म्हणाला, "दार कुठे गेलं?"

दार विणलं गेलं होतं.

एक बांबू काढून टाक, असं श्यामसुंदररावांनी फर्मावलं. निहारने नम्रपणे सांगितलं, की एक काढला तर सगळेच खाली येतील आणि सध्या खाली आपण दोघंच आहोत. मग श्यामसुंदररावांनी एका फटीत खांदा घालून पाहिला. हात बाहेर गेला, पण खांदा अडला. फटी अगदी अटीबरहुकूम होत्या.

बातमी सगळ्या विंगांत पसरली. लोक खुर्च्या घेऊन बघायला आले. श्यामसुंदररावांच्या पत्नी कुंदाताईही आल्या. त्यांनी फटीतून चहाचा कप आत दिला आणि जरा पडते म्हणून घरी निघून गेल्या.

संध्याकाळी उद्घाटनाला निहारचे कॉलेजातले प्राध्यापक, देवव्रत सर आले. आता अब्रूचा प्रश्न होता. कोणी तोंड उघडायच्या आत श्यामसुंदररावांनी आतल्या आत शर्ट खोचला आणि घसा खाकरला.

"मजबुतीची चाचणी चालू आहे," ते म्हणाले. "कमिटीतर्फे दुपारपासून मी जातीने आत बसलोय. बांधकाम उत्तम आहे."

टाळ्या पडल्या. निहारने हसू लपवायला तोंड फिरवलं. सर इतके खूश झाले, की आपणही आत बसणार म्हणाले आणि दार शोधत घरट्याभोवती फिरू लागले. त्यांची दुसरी फेरी सुरू झाली, तसा श्यामसुंदररावांना दरदरून घाम फुटला.

तेवढ्यात कुंदाताई आल्या, पावडर लावून, टवटवीत. त्यांनी सात-आठ जणांना चहूबाजूंनी उभं केलं आणि तळाचं कडं धरून उचला म्हणाल्या. घरटं टोपलीसारखं अलगद वर आलं. जमीन खणायला श्यामसुंदररावांनीच मनाई केली होती, त्यामुळे ते कुठे पुरलेलंच नव्हतं. दोघं वाकून बाहेर आले.

"सुगरणीच्या घरट्याचं दार खालूनच असतं, सर," निहार गंभीरपणे म्हणाला. सरांनी त्याची पाठ थोपटली.

घरी जाताना श्यामसुंदररावांनी बायकोला विचारलं, की ही युक्ती सुचली कधी?

"चहा दिला तेव्हाच."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

कुंदाताईंनी लिफ्टचं बटण दाबलं. "दुपारची अशी शांत झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती हो," त्या म्हणाल्या. "मजबुती उद्याही तपासायची असेल ना?"