नेस्तोरचे व्हॉल्व्ह, लुमिंगचे डबे

समोरच्या गॅरेजवाल्या क्रिस्पिनचं नाव निघालं की नेस्तोरच्या पोटात दुखायचं, आणि त्याची बायको लुमिंग ते नाव दिवसभर काढायची. क्रिस्पिन इंजिन खोलण्याचे व्हिडिओ करायचा. लुमिंग ते भाजी चिरताना बघायची.

"अहो, तो म्हणतो, व्हॉल्व्हवर टोकदार पंच ठोकून ठिपके मारा. पहिल्या सिलिंडरच्याला एक, दुसऱ्याच्याला दोन. म्हणजे जो तो आपल्याच जागी परत जातो."

"ठिपके विसरभोळ्यांनी मारावेत! जन्म गेला माझा जीपनी गाड्या खोलण्यात. माझं सगळं डोक्यात असतं."

"असतं तर! परवा चष्मा डोक्यावर होता आणि घरभर शोधत होतात."

नेस्तोरने चष्मा डोक्यावर सरकवला आणि तो कामाकडे वळला. वस्तीचा प्रमुख असलेल्या कप्तानाची प्रवासी जीपनी त्याच्याकडे खोललेली होती. उद्याच्या फिएस्ताच्या, म्हणजे गावजत्रेच्या, मिरवणुकीत ती धावली नाही, तर यापुढे सगळी कामं क्रिस्पिनला, असं कप्तानाने बजावलं होतं. नेस्तोरने लुमिंगचे अंड्या-दुधाचा गोड फ्लान लावायचे लांबट डबे उचलून आणले, एकेका सिलिंडरचे व्हॉल्व्ह एकेका डब्यात ओळीने ठेवले आणि तो गॅस्केट आणायला गेला.

परत येतो तर डबे गायब! सगळे व्हॉल्व्ह भांड्यांच्या परातीत एकत्र पडलेले, चकचकीत.

"माझे डबे कुठायत?" तो किंचाळला.

"तुमचे? चुलीवर आहेत. फिएस्ताला फ्लान नको का? आणि ती काळी भुतं घासून ठेवलीत हो. आधी डिझेलने, मग साबणाने. क्रिस्पिन म्हणतो, काजळीचा कणही राहता कामा नये."

 काजळीवरून तरी नेस्तोरला ज्याची त्याची जागा ओळखता आली असती, तीही गेली. कप्तानाचा चेहरा डोळ्यांपुढे आला, त्यामागे हसणारा क्रिस्पिन आला. शेवटी नाक मुठीत धरून तो रस्ता ओलांडून गेला.

क्रिस्पिन लगेच आला. नेस्तोरला तो कुया म्हणजे दादा म्हणायचा, लुमिंगला आते म्हणजे ताई. त्याने एक व्हॉल्व्ह उचलला, दुसरा उचलला.

"कुया नेस्तोर, थट्टा करता काय? ठिपके तर आहेत!"

नेस्तोरने डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. खरंच होते.

"आते लुमिंग, तुम्ही मारलेत?"

"मग? डबे रिकामे करायच्या आधीच मारले. तूच शिकवलंस ना?"

"आमच्या घरात माझा एक व्हिडिओ कुणी बघत नाही," क्रिस्पिन हळूच म्हणाला. "नशीब काढलंत, कुया." त्याच्या डोळ्यांतला हेवा बघून नेस्तोरला इतका आनंद झाला की त्याने संध्याकाळच्या आत इंजिन जोडून टाकलं.

दुसऱ्या दिवशी जीपनी मिरवणुकीत ऐटीत धावली. घरी येऊन नेस्तोरने फ्लानचा पहिला घास घेतला आणि तो थबकला. फ्लानला डिझेलचा वास होता.

"कसा झालाय?" लुमिंगने विचारलं.

"अं... डबे नीट घासले होतेस ना?"

तेवढ्यात क्रिस्पिन रिकामी बशी घेऊन दारात उभा. "आते, असा फ्लान जन्मात खाल्ला नाही! अजून आहे?"

"बघा," लुमिंग फुलून म्हणाली, "कदर म्हणतात ती ही!"

नेस्तोरने उरलेला डबा पुढ्यात ओढला. "संपला म्हणून सांग त्याला," तो म्हणाला आणि चमचा न थांबवता त्याने डबा चाटूनपुसून साफ केला.