पडवीतलं बाकडं

हिराजीकाका बोलता बोलता झोपायचे आणि जाग आली की वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच पुढे चालू करायचे. "पापलेट घेताना बाय, कल्ला..." इथे घोरणं सुरू. माझा भात शिजून उतरायचा. मग, "...लाल हाय का बघायचा." वर ठामपणे सांगायचे, "मी झोपलूच न्हाय."

हे सगळं चालायचं माझ्या पडवीतल्या बाकड्यावर. मुरुडला माझं दोन खोल्यांचं लॉज आहे आणि काका माझे शेजारी. सारा जन्म होडीवर तांडेलकी करण्यात, खलाशांना हाकण्यात गेला. आता होडी विकली, चंद्राकाकी वारल्या, घरात एकटेच. दुपारी जेवले की थेट माझं बाकडं. समुद्राची गाज ऐकायला आलेले पाहुणे हौसेनं खिडकी उघडायचे आणि काकांना ऐकून बंद करायचे.

बरं, नुसतं घोरणं परवडलं असतं. ते मधेच थांबायचं. म्हणजे श्वासच बंद. हातातलं काम टाकून मी ओरडायची, "काका, श्वास घ्या!" मग मोठा आचका देऊन पुन्हा सुरू. तोवर माझाच जीव वर-खाली.

शेवटी वैतागून मीच त्यांना अलिबागला डॉक्टरकडे नेलं. तिथे खुर्चीतच झोपले, त्यामुळे मला फार सांगावं लागलं नाही. रात्रभर अंगाला वायरी लावून तपासणी झाली. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, हृदयावर ताण येतो. मशीनचा मास्क लावून झोपला नाहीत तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं. काका म्हणाले, "पन मी झोपतच न्हाय."

मशीन आलं. मास्कचे पट्टे सैल वाटले म्हणून काकांनी जाळ्याची गाठ मारली. ती सोडवताना माझं नख तुटलं. मशीनच्या टाकीत शुद्ध पाणी घाला, असं सांगितलं होतं. यांनी शहाळं फोडून ओतलं. सकाळी नळीत मुंग्याच मुंग्या. वर मलाच, "याच्यापेक्षा शुद्ध पानी दाखव." मी कपाळावर हात मारला आणि नळी धुवायला घेतली.

हळूहळू जमलं. रात्रीची झोप शांत लागायला लागली, चेहरा उजळला, वाक्यं एका दमात पूर्ण व्हायला लागली. सुटलं एकदाचं माझं बाकडं, असं वाटलं. तर एका दुपारी पिशवीत मशीन घालून हजर, प्लग कुठे आहे विचारत.

मी भडकलेच. घरी पलंग आहे, पंखा आहे, प्लगही आहे, मग माझ्याच बाकड्याचं काय एवढं? काका पिशवीतून मास्क काढून बाकड्यावर बसले.

"श्वास अडला का चंद्री कोपर मारायची," ते म्हणाले. "ती गेली, मंग तू वरडायला लागलीस. घरान मशीन हाय बाय, वरडनारा कोनी न्हाय."

मी आतून वायर ओढून दिली.

आता दुपारी बाकड्यावरून घोरणं येत नाही. पाहुणे खिडक्या उघड्या ठेवतात. श्वास कुठे अडलेला नसतो, तरी मासे साफ करता करता मी हाक मारते, "काका!"

मास्कच्या आतून उत्तर येतं, "झोपलू न्हाय, बाय."