गायकवाड अण्णा बसले

चारकोपच्या आमच्या सेक्टरमधल्या तमाम रहिवाशांना कळवण्यात येते की, तळमजल्यावरचे गायकवाड अण्णा काल सकाळी खुर्चीवर बसून चहा प्यायले. पूर्ण कप. कृपया कोणी गर्दी करू नये.

बाहेरच्या माणसाला यातलं गांभीर्य कळायचं नाही. गेली पाच वर्षं हा माणूस उभा आहे. पेपर उभ्याने, जेवण ओट्याशी उभ्याने. सोसायटीच्या मीटिंगला अण्णा दाराशी उभे राहत, त्यामुळे नव्या सेक्रेटरीला सारखं वाटायचं, हे आता सभात्याग करणार. बसलं की कंबरेत कळ यायची. डॉक्टरांनी सगळे फोटो काढले. मणके ठणठणीत निघाले. कॅरम तेवढा उरला होता, तोही उभ्याने. यंदा बोर्डावर वाकणंही जमेना, तेव्हा अण्णा संध्याकाळी दार लावून घ्यायला लागले.

अण्णा पूर्वी इथल्याच एका कारखान्यात तयार माल तपासायला होते. तिथून निवृत्त होताना एकच शब्द घरी आणला: रिजेक्ट. कंबरेचा पट्टा, रिजेक्ट. शेकायची पिशवी, रिजेक्ट. मी अंधेरीहून खास गादी आणवली. अण्णांनी ती दोन बोटांनी दाबली आणि माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, गादीबरोबर मलाही परत पाठवतात.

शेवटी दुसऱ्या मजल्यावरची निकिता मध्ये पडली. ती फिजिओथेरपिस्ट.

"अण्णा, तुमचं ऑपरेशन झालंय ना?"

"झालंय. त्याचा पाठीशी काय संबंध?"

"टाक्यांची जागा कधी कधी आतून चिकटते, पाठीला ओढते. सुई नाही, चाकू नाही. बोटांनी हळूहळू सैल करायची."

"दुखते पाठ आणि दाबणार पोट. रिजेक्ट."

हे ऑपरेशन म्हणजे, अकरा वर्षांपूर्वी अण्णांनी आपली एक किडनी बायकोला, सुनंदावहिनींना, दिली. वहिनी त्यानंतर सहा वर्षं जगल्या. तो व्रण अण्णांनी कधी कुणाला दाखवला नाही. मे महिन्यातही अंगात शर्ट, वरचं बटण लावलेलं.

"घाबरता काय अण्णा," मी म्हटलं. "मी तुमचा हात धरतो."

"तू आधी तुझं तोंड धर."

पण आले निकिताकडे. पहिल्या दिवशी ते खाटेवर असे आडवे झाले की जणू त्यांचाच पंचनामा चाललाय. डोळे छताला, मुठी आवळलेल्या. निकिता बरगडीखालच्या त्या लांब रेघेवर बोटं फिरवत राहिली. असे दोन महिने गेले.

आणि काल ते बसले. निकिताने खोबरेल तेलाची बाटली त्यांच्यासमोर ठेवली.

"आता हे घरीच करायचं, अण्णा. रोज संध्याकाळी थोडं तेल घेऊन. पण मला एक कळत नाही. ऑपरेशन अकरा वर्षांपूर्वीचं, दुखणं पाच वर्षांचं. मधली सहा वर्षं कसं दुखलं नाही?"

मी चेष्टा करायला तोंड उघडलं होतं. अण्णांचा चेहरा पाहून मिटलं. ते त्या बाटलीकडे बघत होते.

"सुनंदा रोज लावायची," अण्णा एकदम म्हणाले. "मी म्हणायचो, कशाला वेळ घालवतेस, रिजेक्ट."